सव्वीसच्या आत

चौथ्या मजल्याचं छत रोज सकाळी रुसायचं आणि माझा दिवस तिथेच नासायचा.

मी न्याहारीला बसलेली असायचे. पावाला लोणी लावता लावता फोन जॅमच्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि त्यावरचा मजल्याचा नकाशा बघत राहायचं. निळा चौकोन म्हणजे छतातून गार पाणी वाहतंय, करडा म्हणजे पाणी बंद. ऑफिस भरेपर्यंत सगळा मजला निळा. मग पश्चिमेकडचा एक चौकोन करडा व्हायचा, मग त्याच्या शेजारचा, आणि माझी कॉफी निवेपर्यंत अर्धा मजला करडा झालेला असायचा.

"आज काय म्हणतंय छत?" फोल्कर, माझा नवरा, पेपरामागून विचारायचा.

"तू पाव खा."

"म्हणजे कालचंच म्हणतंय."

त्याला गंमत वाटायची. मला त्याच्या पेपराला काडी लावावीशी वाटायची.

छत माझं होतं. इमारत एका विमा कंपनीची, पण छत मी आखलेलं, आणि त्याची देखभालही माझ्याकडेच. स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं तेव्हाचं माझं पहिलं मोठं काम. पत्र्याचे पांढरे चौकोन, प्रत्येकाच्या पाठीवर वेटोळं घालून बसवलेली तांब्याची बारीक नळी, नळीत गार पाणी. ना घरघर, ना झोत. माणसांची आणि कॉम्प्युटरची ऊब छत गुपचूप पिऊन टाकतं आणि खाली बसलेल्याला जुन्या चर्चमध्ये शिरल्यासारखं वाटतं. आमचं स्टुटगार्ट वाटीच्या तळाशी वसलेलं. जुलैत त्या वाटीत हवा अशी कोंडते की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. तरी त्या इमारतीत वीस उन्हाळे कोणी कुरकुरलं नव्हतं. आमच्याकडे कोणी कुरकुरलं नाही म्हणजे केवढं कौतुक झालं, ते इथल्या माणसालाच कळेल.

आता कुरकुरत होते. उन्हाळे कडक झाले होते, मजल्यावर माणसं वाढली होती आणि प्रत्येकासमोर एकाच्या जागी दोन-दोन स्क्रीन आले होते. छताला एक गोष्ट सोसत नाही, दमट हवा. गार पत्र्याला दमट हवा लागली की बिअरच्या ग्लासावर धरतात तसे थेंब धरतात आणि कोणाच्या तरी कीबोर्डवर टपकतात. म्हणून प्रत्येक चौकोनात एक बारका सेन्सर असतो. दव धरायच्या बेतात आलं की तो पाणी तोडतो. सेन्सर मीच निवडले होते, चांगले चोख. त्यांनाच मी आता रोज शिव्या घालत होते.

जून संपता संपता इमारतीचे व्यवस्थापक हेर फिस्टरर, म्हणजे श्रीयुत फिस्टरर, यांनी मला गच्चीवर नेलं. सडपातळ माणूस, भर उन्हातही कोट न काढणारा. पाणी गार करणारं मशीन शेजारी धापा टाकत होतं. त्याच्या आवाजात आपलं बोलणं कोणी ऐकणार नाही, म्हणूनच त्यांनी ती जागा निवडली होती.

"फ्राउ क्यूब्लर, एक सांगतो. ऐकायचं आणि विसरायचं."

"विसरायचंच असेल तर सांगता कशाला?"

"तुम्ही हातपाय मारायला लागाल म्हणून." त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "मुख्य ऑफिसात नवे आराखडे तयार आहेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात चौथा मजला एकदा जरी सव्वीस अंशांच्या वर गेला, तर तुमचं छत उतरणार. चौथ्याचं नाही, सगळ्या इमारतीचं. मोठे डक्ट येणार आणि बाहेरून नवी काच. अखंड."

"आणि खिडक्या?"

"अखंड म्हटलं ना. उघडायला काही नसेलच. नाहीतर डक्टची गार हवा बाहेर जाईल."

"लोकांना माहीत आहे हे?"

"हिवाळ्यापर्यंत कळणार नाही. आत्ता फुटलं तर पहिला मी जाईन. दोन वर्षं राहिलीत माझी. ही गोष्ट मी फक्त तुम्हाला सांगतोय."

"माझ्या तोंडून जाणार नाही," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. करायचं काय ते कागदावर सोपं होतं. पाणी सोळा अंशांनी वाहत होतं, ते एकोणीसवर न्यायचं. एकोणीसच्या पत्र्यावर दव धरायला हवा फारच ओली लागते आणि गच्चीवरच्या मशीनची धापही बरीच कमी होते, म्हणजे वीज वाचते. पण पाणी कमी गार तर छत ऊबही कमी ओढणार. ती तूट भरून काढायला हवा जराशी हलती ठेवायची. वर मोठ्या पात्यांचे संथ पंखे लावायचे, म्हणजे गरम हवा पत्र्याला घासून जाते आणि छत तेवढंच जास्त काम करतं. मी तीनदा मांडून बघितलं, गणित जमत होतं. फिस्टररनी पंखे बसवूनही दिले.

दुसऱ्या दिवशी पंख्यांच्या बटणांवर तपकिरी चिकटपट्टी मारलेली आणि वर कागद: 'लावू नये. मान!'

आमच्या लोकांचं असं आहे. खिडकीतून आलेला वारा म्हणजे ताजी हवा आणि इतर कुठूनही आलेला वारा म्हणजे आखडलेली मान. यावर डॉक्टरशीही कोणी वाद घालत नाही. माझी आई भर ऑगस्टमध्ये गाडीची मागची काच खाली करू द्यायची नाही, आणि तीच आई घरी पोचल्यावर सगळ्या खिडक्या सताड उघडायची. मी चिकटपट्टी काढली. दुपारी ती पुन्हा लागली, या वेळी दुहेरी. पंखे नाहीत तर पाणी सोळावरच ठेवायला हवं आणि पत्रा दवाच्या काठावर. सकाळी कसली तरी ओली हवा येत होती आणि सेन्सर पाणी तोडत होते.

कसली हवा? आठवडाभर मी सेन्सर उघडून बघितले, व्हॉल्व्ह बदलले, ताजी हवा सुकवून आत सोडणाऱ्या यंत्राचे फिल्टर काढले, पंपाशी भांडले. सगळं ठीक. आता सांगायलाही लाज वाटते. सकाळी आल्याबरोबर खिडक्या उघडून हवा बदलल्याशिवाय आमच्यात कोणी कामाला हात लावत नाही, घराच्या भाडेकरारातसुद्धा ते लिहिलेलं असतं. मी स्वतः रोज उठून तेच करते, म्हणून डोळ्यांसमोर असून मला ते दिसलं नाही. एका सकाळी मी नकाशा बघत बघत उठले, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं?" फोल्करनं विचारलं.

"गाढव आहे मी."

"हे छतानं सांगितलं?"

बाहेरची हवा रात्रीच्या पावसानं जड झालेली. साठ माणसं सकाळी एकेक करून येणार, प्रत्येक जण आपापली खिडकी उघडणार, आणि मग बंद करायची म्हणजे तरी काय, वरची कड चार बोटं आत कललेली दिवसभर तशीच ठेवणार. गार छताखाली ओली हवा दिवसभर आत येत राहणार. याला छत तरी काय करेल?

मग मी जे केलं त्याचा मला फार अभिमान वाटला. शनिवारी इमारत रिकामी असताना मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि चौथ्या मजल्यावरच्या झाडून सगळ्या खिडक्यांची हँडलं काढून आणली. दारात नम्र सूचना चिकटवली. हँडलं बटाट्यांच्या टोपलीत घालून गाडीच्या डिकीत ठेवली. फिस्टररनी फोनवर नुसतं "अरे बापरे" म्हटलं, पण नको म्हटलं नाही.

सोमवारी मजला दिवसभर निळा. मंगळवारीही निळा. मी फोल्करला जेवायला बाहेर नेलं आणि मसूर आणि स्पेट्झलेच्या शेवयांवर ताव मारला. बुधवारी पश्चिमेचा कोपरा करडा झाला. गुरुवारी आख्खी बाजू.

शुक्रवारी न सांगता गेले. जिन्यानं चढले आणि झेरॉक्सच्या मशीनमागे उभी राहिले, पन्नाशी उलटलेली बाई, चोर पकडायला आल्यासारखी. मजला नुकता भरत होता. हिशेब विभागातल्या फ्राउ वित्सेमान आल्या. यांना मी नावानं ओळखत होते, कारण तक्रारींच्या प्रत्येक ईमेलखाली त्यांचं नाव असायचं, आणि मजल्याच्या वतीनं बोलायला लोकांनी त्यांनाच निवडलेलं. साठीच्या, ठेंगण्या, पांढरे केस मुलासारखे कापलेले. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, पर्समधून कापडी रुमालाची पुरचुंडी काढली, पुरचुंडीतून खिडकीचं एक पांढरं हँडल काढलं, भोकात खोचलं आणि खिडकी उघडली. मग हँडल काढून मागच्या रांगेतल्या हेर ट्राउबकडे दिलं. ट्राउबनं आपली खिडकी उघडून पुढे दिलं. कोणी एक शब्द बोलत नव्हतं. चर्चमध्ये हातोहात फिरणाऱ्या दानाच्या थैलीसारखं ते हँडल मजलाभर फिरत होतं.

मी मशीनमागून बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"सुप्रभात, फ्राउ क्यूब्लर," वित्सेमान म्हणाल्या. "हवा बदलतोय."

"हँडल कुठून आलं?"

"माझ्या स्वयंपाकघरातून. सगळ्या हँडलांची कांडी एकाच मापाची असते. तुम्ही इंजिनियर, तुम्हाला माहीत असेल."

"मग तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी?"

"संध्याकाळी गेल्यावर लावते परत. दिवसा मी तिथे नसतेच, उघडणार कोण?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्याच वेळी मला हसूही येत होतं, त्यामुळे मी आणखीच चिडले. "दोन मिनिटं बोलायचंय," मी म्हणाले. आम्ही मजल्याच्या छोट्या स्वयंपाकघरात गेलो. मी दार लावलं. त्यांनी ते पुन्हा बोटभर उघडलं.

मी समजावलं. पाणी, पत्रा, दव, सेन्सर, मशीनची धाप, सगळं. कागदी नॅपकिनवर चित्रसुद्धा काढलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"समजलं," त्या म्हणाल्या. "मी काही अडाणी नाही. खिडकी उघडली की छत बंद पडतं. पण मला सांगा, रात्रभर कोंडलेला मजला, आत पाऊल टाकलं की साठ जणांचा कालचा वास. तो नाकात घेऊन माणूस कामाला बसणार कसा?"

"यंत्रातून ताजी हवा येते, फ्राउ वित्सेमान. सतत येते."

"येत असेल. मला दिसत नाही."

"आणि पंखे? पंखे लावले तर पाणी एकोणीसवर नेता येईल. मग सकाळी थोडा वेळ खिडक्या उघडल्या तरी चालेल!"

"पंखा नको. ट्राउबची मान आधीच धरलेली आहे."

"खिडकीतल्या वाऱ्यानं नाही धरत त्यांची मान?"

"तो वारा वेगळा."

मी हात टेकले. खरंच टेकले, सिंकच्या कडेवर, आणि बाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिले. जुलैच्या शेवटच्या, परीक्षेच्या आठवड्याला फार दिवस उरले नव्हते आणि हवामानवाले पस्तीस अंशांचे आकडे सांगायला लागले होते.

"इतकं मनाला लावून घेऊ नका," वित्सेमान जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "छत जुनं झालं असेल तर जाईल. दुसरं काहीतरी येईल. ऑक्टोबरात मी घरी बसणार. मला काय त्याचं?"

"दुसरं येईल ते खिडकीशिवाय येईल," मी म्हणाले.

तोंडून निसटलं असं म्हणता आलं असतं. निसटलं नाही. बोलायच्या आधी फिस्टररचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, कोटासकट, आणि तरी मी बोलले. छत गेलं तर काय येणार, अखंड काच म्हणजे काय, शेवटच्या आठवड्यात कशावर सगळं ठरणार, सगळं सांगितलं. थांबताच येईना.

वित्सेमान स्टुलावर बसल्या.

"मी बंद काचेत काढलीयेत वर्षं," त्या म्हणाल्या. "कंपनीच्या जुन्या इमारतीत, तरुणपणी. रोज दुपारी डोकं ठणकायचं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका पार्किंगमध्ये जाऊन नुसत्या उभ्या राहायचो, श्वास घ्यायला. इथे बदली झाली त्या दिवशी मी पहिली खिडकी उघडली आणि म्हटलं, आता मला कोणी कोंडून ठेवणार नाही." त्यांनी माझ्या नॅपकिनची घडी घातली. "मी जाईन ऑक्टोबरात. ट्राउबची पंधरा वर्षं आहेत अजून. त्या मागच्या पोरींची तीस-तीस."

"हे माझ्याकडून कळलं असं—"

"कोणाकडून कळलं ते मी विचारलेलंच नाही." त्या उठल्या. "पंखा किती हळू फिरतो?"

"पाती मोजता येतील इतका."

"ट्राउबच्या डोक्यावर नको."

"ट्राउबच्या डोक्यावर नाही."

"आणि आमची हँडलं परत."

"डिकीत आहेत. बटाट्याच्या टोपलीत."

"टोपली पुसली होतीत का?" त्यांनी विचारलं, आणि मला कळलं की आमचं जमलं.

पण साठ जणांना एका वेळी खिडकी उघडायला आणि एका वेळी बंद करायला लावायचं कसं, ते माझ्या गणितात कुठेच नव्हतं. ते वित्सेमाननी सोडवलं, आणि अशा रीतीनं सोडवलं की आमच्या बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्या इमारतींत जिना झाडायची पाळी ज्याच्या घरी असते त्याच्या दाराला एक पाटी लटकते. आठवडा झाला की आपण ती शेजाऱ्याच्या दाराला लटकवायची. पाटी लटकत असताना जिना घाण राहिला तर माणूस मान वर करून चालू शकत नाही. वित्सेमाननी घरच्या कपाटातली तसलीच एक लाकडी पाटी आणली, तिच्यावर 'हवा' असं रंगवलं आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या खुर्चीला अडकवली. पाटी ज्याच्या खुर्चीला, त्यानं सकाळी एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि दहा मिनिटांत सगळ्या बंद करायच्या. कललेली एकही ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी पाटी शेजारच्या खुर्चीला. मी वीस वर्षं यंत्रांना आज्ञा दिल्यात, पण एवढं बिनचूक चालणारं काही पाहिलेलं नाही.

परीक्षेच्या आठवड्यात मी चौथ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातच तळ ठोकला. पाणी एकोणीसवर. पंखे अगदी संथ. सोमवारी मजल्यावर गेले तर निम्म्या लोकांनी गळ्याला रुमाल गुंडाळलेले. बाहेर चौतीस अंश आणि आत सगळे सर्दी झाल्यासारखे बसलेले. ट्राउबनं तर लोकरी मफलर आणला होता.

"तुमच्या डोक्यावर पंखा नाहीये, हेर ट्राउब."

"शेजारच्याचा इकडे बघतोय."

खांबावर फिस्टररनी लावलेला तापमापक होता, मुख्य ऑफिसला थेट आकडा पाठवणारा. मी पाच-पाच मिनिटांनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायचे. पंचवीस. पंचवीस पॉइंट दोन. परत स्वयंपाकघर, लॅपटॉप, गच्ची, मशीन, परत खांब. घरी फोल्करनं काही विचारायचंच सोडून दिलं होतं आणि तेही मला सहन होत नव्हतं.

"अहो, बसा एका जागी," वित्सेमान म्हणाल्या. "तुम्ही चालता तेव्हाच तो वर चढतो."

गुरुवारी बाहेर छत्तीस झाले. दुपारी ढग आले पण बरसले नाहीत, हवा हातानं पिळता येईल अशी. आकडा पंचवीस पॉइंट सात झाला. मग आठ. त्या दिवशी पाटी मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या खुर्चीला होती आणि दुपारच्या हवेची वेळ झाली होती. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि हँडलवर हात ठेवून माझ्याकडे बघू लागली. सगळा मजला माझ्याकडे बघू लागला. बाहेरची हवा आत घेतली तर गरमी आत येणार. नाही घेतली तर ज्यासाठी एवढं चाललंय तेच मी त्यांना नाकारणार.

"उघडा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

सगळ्या खिडक्या उघडल्या. मी खांबाकडे पाठ केली. बघवेना. पश्चिमेचे दोन सेन्सर चमकले आणि त्यांनी पाणी तोडलं. खिडक्या मिटल्या. ताजी हवा सुकवणारं यंत्र जोरात चालू झालं, पंखे आपली पाती मोजू देत फिरत राहिले. वाट बघितली. नकाशावर एक चौकोन निळा झाला, मग दुसरा. वित्सेमान खांबापाशी गेल्या, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पंचवीस पॉइंट नऊ. आणि आता आठ." कोणीतरी टेबल वाजवलं, मग सगळ्यांनी वाजवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली मनगटं धरली.

पाटी लटकली म्हणजे लोक विचारणारच की का लटकली. वित्सेमाननी एकीला सांगितलं, तिनं कुणाला सांगायचं नाही म्हणून दुसरीला सांगितलं. शुक्रवारी कामगार समितीनं मुख्य ऑफिसला जाहीर विचारलं की खिडक्या कायमच्या बंद करायचा बेत आहे, हे खरं का.

पुढच्या सोमवारी दुपारी फिस्टररनी मला आणि वित्सेमानना खाली बोलावलं. टेबलावर पाण्याची बाटली होती, ग्लास भरलेला, त्यांनी घोटही घेतला नव्हता.

"छत राहतंय," ते म्हणाले. "आठवडाभर सव्वीसच्या आत. विजेचाही चांगलाच फरक पडलाय. बाकीच्या मजल्यांवरही पंखे बसतील, पाणी एकोणीसवर जाईल. नवी काच रद्द."

मला उठून नाचावंसं वाटलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी बसून राहिले.

"सकाळी तासभर मला फोनवर फैलावर घेतलं," ते पुढे म्हणाले. "बातमी कुठून फुटली म्हणून."

"मी अंदाज बांधला, हेर फिस्टरर," वित्सेमान चटकन म्हणाल्या. "बाहेर काच मोजणारी माणसं दिसली होती मला. दोन अधिक दोन—"

"फ्राउ वित्सेमान," ते शांतपणे म्हणाले, "मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

सांगितलं नसतं तर छत गेलं असतं, हे मी म्हणू शकले असते. ते खरंही होतं. पण त्या माणसानं स्वतःची खुर्ची पणाला लावून मला सांगितलं होतं, मला, कारण त्याला ते छत वाचायला हवं होतं.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "तुमचं काय होईल ते माहीत असूनही सांगितलं. मला माफ करा."

"माझं काही होणार नाही बहुतेक. दोन वर्षं जरा मान खाली घालून काढीन." त्यांनी कोटाचं बटण लावलं. "पण एक तारखेपासून छताची देखभाल दुसऱ्यांकडे जातेय. वरून आलंय ते. मी अडवू शकलो असतो." त्यांनी भरलेला ग्लास बाजूला सारला. "अडवलं नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी तो हातात घेतला. दोघांचेही तळवे घामेजलेले होते.

माझा लॅपटॉप घ्यायला मी चौथ्या मजल्यावर गेले. जेवणाची सुट्टी होती, मजला जवळजवळ रिकामा. लॅपटॉप उघडला तर नकाशाच्या जागी पांढरा पडदा आणि 'प्रवेश नाही'. किती तत्पर लोक! बावीस वर्षं या छताचा प्रत्येक अंश मला माहीत होता आणि आता डोक्यावर काय चाललंय ते मला कळत नव्हतं. मी तिथेच उभी राहून वर बघत राहिले, मूर्खासारखी.

वित्सेमान मागून आल्या. "काय हवंय?"

"हात लावून बघायचंय."

त्यांनी विचारलं नाही कशाला. मी खुर्ची ओढायला लागले तशा म्हणाल्या, "चाकाच्या खुर्चीवर चढता? टेबलावर चढा. बूट काढून."

मी बूट काढले आणि आत उघडणाऱ्या खिडकीला लागूनच असलेल्या हिशेब विभागाच्या टेबलावर चढले. त्यांनी माझी पोटरी दोन्ही हातांनी धरली. मी हात वर केला आणि पांढऱ्या पत्र्यावर तळवा टेकवला. बसवलं तेव्हापासून गारवा बघायला म्हणून एकदाही हात लावला नव्हता, सगळं आकड्यांवरूनच. गार होतं. फार नाही. माणसाला पुरेल इतकंच. तळवा काढला, बघितला आणि मला रडू फुटलं, मोठ्यानं.

"ओलं आहे का?" त्यांनी खालून काळजीनं विचारलं.

"नाही. कोरडं आहे."

"मग झालं तर." त्यांनी माझी पोटरी थोपटली. "आता उतरा, फ्राउ क्यूब्लर. तुम्ही इथे उभ्या आहात तोवर मला खिडकी उघडता येत नाही."